अध्यक्ष जागचे हलत नाहीत

प्रमोदची नवी गाडी नरसी नामदेव ओलांडून जेमतेम चार शेतं पुढे आली आणि खोकायला लागली. आधी एकदा, मग थोडं थांबून पुन्हा, मग दम्याच्या पेशंटासारखी लागोपाठ. प्रमोदनं गिअर बदलून पाहिला, पाय दाबून पाहिला, दोन शिव्याही हासडून पाहिल्या. शेवटी गाडीनंच काय ते ठरवलं आणि एका बाभळीजवळ रस्त्याच्या कडेला जाऊन ती उभी राहिली. पुढच्या सीटवर बसलेले नरसिंगराव काचेतून समोर पाहत राहिले आणि काहीच बोलले नाहीत.

मागे वहिनीशेजारी बसलेल्या शीतलला गाडी बंद पडल्याचं काही वाटलं नाही. बंद पडलेल्या गाड्यांतच ती लहानाची मोठी झाली होती. तिला लागलं ते वडिलांचं, नरसिंगरावांचं, गप्प बसणं. गाडी बंद पडावी आणि बाबांनी तोंड उघडू नये, असं तिच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं.

माय जाऊन वर्ष झालं होतं. मायचं, म्हणजे सोजराबाईंचं, पुण्यानुमोदन कालच वसमतजवळच्या त्यांच्या गावी झालं होतं. आज तिच्या माहेरी, पुसेगावला, प्रेमानंदमामांनी कार्यक्रम ठेवला होता आणि चौघं तिकडंच निघाली होती. 'भाऊजी दोन शब्द बोलतील ना?' असं मामांनी फोनवर तीनतीनदा विचारलं होतं. शीतल काय सांगणार? ज्या गावात नरसिंगरावांच्या 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' शिवाय जयंतीचा कार्यक्रम सुरू होत नसे, त्या गावात काल ते स्वतःच्या बायकोच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसले होते. सूत्रसंचालन दुसऱ्याच कोणीतरी केलं आणि तेही कागद पाहून. शीतलला उद्या नाशिकला नोकरीवर परतायचं होतं. बाबा असेच मिटत गेले तर पुढच्या वेळी आपण येऊ तेव्हा घरात कोण भेटेल, या भीतीनं तिला रात्रभर झोप लागली नव्हती.

घरातही सगळं आलबेल नव्हतं. अंगणात लिंबाखाली जुनी जीप उभी होती. प्रमोदला ती भंगारात द्यायची होती. भंगारवाला एकदा दारात आलाही, तर नरसिंगराव जीपच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, आणि का ते सांगेनात. प्रमोदचा त्या जीपवर वेगळाच राग होता. नांदेडच्या दवाखान्यानं 'आता घरी न्या' म्हणून मायला सोडलं, तेव्हा बाबांनी तिला त्याच जीपमधून आणलं. जीप वाटेत बंद पडली आणि माय भर उन्हात रस्त्यावर बसून राहिली. घरी आल्यावर चारच दिवसांत ती गेली. तेव्हापासून बाप-लेकात 'जेवले का' आणि 'व्हय' एवढंच बोलणं उरलं होतं.

"च्यायला, नवी करकरीत गाडी अन् ही तऱ्हा!" प्रमोद खाली उतरला. बॉनेट उघडून तो आत पाहू लागला, विहिरीत पडलेल्या बादलीकडे माणसं पाहतात तसा. मग त्यानं फुलसिंगला फोन लावला. फुलसिंग हा हिंगोलीचा मिस्त्री. त्याचं गॅरेज सोजराबाईंच्या माहेरच्या वाटेवर होतं, त्यामुळे नरसिंगरावांच्या वाहनांवर त्याचं घर उभं राहिलं असं लोक म्हणत, आणि तोही नाकारत नसे.

"हिंगोलीत तेल टाकलं का?" फोनमधून फुलसिंगचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"टाकलं ना. टाकी फुल केली."

"कोणतं टाकलं?"

"कोणतं म्हंजे? पेट्रोल..." आणि प्रमोद थांबला.

"प्रमोदभाऊ," फुलसिंग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमची नवी गाडी डिझेलची हाय ना?"

तोंडात मारल्यासारखा प्रमोदचा चेहरा झाला. पंपावर काच खाली करून 'पेट्रोल टाक' म्हणायची त्याच्या जिभेला शाळेपासूनची सवय. जीप सरकारी लिलावातली होती, पेट्रोलवर चालणारी. उठता-बसता ज्या जीपला तो भंगार म्हणायचा, तिनं ऐन वेळी त्याच्याच तोंडून आपला खुराक मागून घेतला होता.

"पंपावरच्या पोरानं दोनदा इचारलं व्हतं," साक्षी हळूच म्हणाली. साक्षी म्हणजे प्रमोदची बायको. लग्न माय गेल्यानंतरचं, त्यामुळे या घरात अजून थोडी पाहुणीच. "तुमी त्याच्यावरच वरडले, काहून डोकं खातो म्हणून."

"आता चाबी लावूच नका," फुलसिंग म्हणाला. "टाकी खाली करावी लागती. हातातलं काम आटपून मी येऊनच राहिलो. तवर सावलीत बसा. नरसिंगकाका संगं हैत का? मंग तुमाला काय तकलीफ? सभा घ्या!" आणि त्यानं फोन ठेवला.

"कसली सभा?" साक्षीनं विचारलं.

नरसिंगराव गाडीतून उतरून बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसले. प्रमोदनं बॉनेट आपटून बंद केलं. आणि शीतल तिथं रस्त्यावर उभ्या उभ्या पार मोपेडच्या काळात जाऊन पोचली.

नरसिंगराव साखर कारखान्यात चिटबॉय होते. उसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या वाटत गावोगाव सायकल मारायची, हे त्यांचं काम. सायकल गेली आणि घरात पहिली मोपेड आली, तीही तिसऱ्या हातातली. त्या मोपेडवर नवरा, बायको, पुढे शीतल आणि मायच्या मांडीवर प्रमोद असा सगळा संसार निघायचा. वसमतला जयंतीची मोठी सभा होती आणि सूत्रसंचालनासाठी नरसिंगरावांना पहिल्यांदाच तालुक्याचं बोलावणं आलं होतं. नवा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पाठ केलेलं प्रास्ताविक. आणि मोपेड अर्ध्या वाटेत बंद. बाबांनी पायडल मारून मारून घोटे सोलून घेतले. सूर्य कलला, सभेची वेळ टळली, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शीतलनं बापाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

मायनं दोन्ही लेकरं खाली उतरवली. कमरेची दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली, झटकली आणि मोपेडच्या हँडलला हारासारखी घातली. "तिथली सभा हुकली तर हुकली," ती म्हणाली. "हितंच घ्या. अध्यक्ष तर आपल्यापाशीच हाय. बघा, कसा जागचा हलून न्हाई राहिला!"

बाबा आधी चिडले. मग मायच्या तोंडाकडे पाहून हसले. मग उठले, हवेचा पंप तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो."

तेव्हापासून ही त्या घराची रीतच पडली. गाडी बंद पडली की सभा. अध्यक्षस्थानी गाडी. मायची दस्ती म्हणजे हार. बाबांचं प्रास्ताविक, त्यात अध्यक्षांचा जीवनपरिचय, 'ज्यांनी आजवर पाच मिस्त्र्यांना रोजगार मिळवून दिला' वगैरे. मग लेकरांचं मनोगत. मग अध्यक्षीय भाषण, म्हणजे हॉर्न. हॉर्नही वाजत नसला तर 'अध्यक्ष भावनाविवश झाल्यानं बोलू शकत नाहीत' असं बाबा जाहीर करायचे. आणि सगळ्यात शेवटी आभार. ते मायचं काम. नियम एकच, आभार होईपर्यंत कोणी रागाचा शब्द काढायचा नाही. आणि आभार झाल्यावर राग काढायला रागच उरलेला नसायचा.

मायचे आभार ऐकायला माणसानं मुद्दाम गाडी बंद पाडावी! "ज्या धोंड्यानं चाकाखाली येऊन आपला जीव धोक्यात घातला, त्याचे आभार," ती पदर सावरून सुरू करायची. "ज्या पाव्हण्यांनी थांबून इचारपूस केली, त्यांचे आभार. जे न थांबता दात काढत निघून गेले त्यांचे बी आभार, त्यांच्या घरी आज संध्याकाळी बोलायला काहीतरी झालं. लिंबाच्या झाडाचे आभार. आमच्या मालकांचे आभार, त्यांनी गाडी दुरुस्त करायचा प्रयत्न केला न्हाई म्हणून ती अजून दुरुस्त व्हण्यासारखी हाय." आणि हात जोडून, "जय भीम! सभा संपली. चला, ढकला."

मोपेडनंतर फटफटी आली, फटफटीनंतर लिलावातली जीप. वाहनं बदलली, अध्यक्ष बदलले, बंद पडायचा वसा मात्र एकानंही टाकला नाही. पुसेगावच्या वाटेवर तर असं एक झाड राहिलं नव्हतं ज्याच्या सावलीत या घरानं सभा घेतली नसेल. शेतातली माणसं औत सोडून बांधावर येऊन बसायची. प्रमोद नववी-दहावीत गेल्यावर लाजायला लागला. रस्त्यानं शाळेतली पोरं जाताना दिसली की जीपमागे लपायचा. तरी त्याचं मनोगत व्हायचंच, कारण बाबा त्याचा आवाज काढून तेही करून टाकायचे.

बाभळीच्या काटेरी सावलीत बसलेल्या आजच्या बाबांकडे पाहून शीतलला भडभडून आलं. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि प्रमोदच्या गाडीच्या आरशाला बांधला.

"ताई, हे काय करून राहिली?" प्रमोदच्या लक्षात आलं होतं. "आज न्हाई. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे की." शीतलनं पाण्याची बाटली तोंडासमोर धरली. बाबांच्या जागी ती पहिल्यांदाच उभी राहत होती. "हॅलो, हॅलो. आजच्या सभेच्या अध्यक्षस्थानी, डिझेलवर पोसलेल्या आन् पेट्रोल पाजून मारलेल्या, आपल्या सर्वांच्या लाडक्या नव्या गाडीबाई विराजमान झाल्या हैत. त्यांना इथपर्यंत आणण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा हाय, ते प्रमोद नरसिंग यांचं टाळ्या वाजवून स्वागत."

साक्षीनं टाळ्या वाजवल्या, मग जीभ चावली. शीतलनं बाबांकडे चोरून पाहिलं. ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते.

"आता नवीन सदस्यांचं मनोगत," शीतलनं बाटली साक्षीच्या हातात दिली.

साक्षी गोंधळली, पण पोरगी होती धीट. "मी काय बोलू? मला ह्या घरात द्यायच्या आधी माझ्या वडलांनी पोराची समदी चौकशी केली. शिक्षण पाहिलं, दुकान पाहिलं, मोबाईलचं दुकान चांगलं चालतं म्हणले. पेट्रोल आन् डिझेल वळखता येतं का, हे तेवढं इचारायचं राहून गेलं. माझे दोन शब्द संपवते. जय भीम."

शीतल खळखळून हसली. बांधावर हरभऱ्याचा भारा टेकवून उभी राहिलेली बाई हसली. काडीच्या रेघा थांबल्या, एवढं शीतलच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. अध्यक्षांनी खणखणीत भाषण केलं.

"प्रमोद, तुझं मनोगत."

"मला न्हाई बोलायचं."

"बोल की रे."

प्रमोदनं बाटली हिसकावून घेतली. "बोलू? मंग ऐका. मला हसू येत न्हाई. तुमाला येतं, तुमी हसा. वरसापूर्वी ती जीप बंद पडली नसती तर माय येळंवर घरी आली असती. म्या दुसरी गाडी सांगितली व्हती, तरी तिला त्या खटाऱ्यातून आणलं. रस्त्यावर बसली माझी माय, धुळीत. अन् बाबा, त्या खटाऱ्याला तुमी अजून देवासारखं लिंबाखाली ठेवलंय. काहून? एकदा तरी सांगा मला, काहून?"

त्याचा आवाज फाटला. बाटली त्यानं बॉनेटवर ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. आभाराआधी रागाचा शब्द निघाला होता. एवढ्या वर्षांत नियम पहिल्यांदाच मोडला होता आणि पुढं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शीतलला वाटलं, आपण हे उगाच उकरलं. आता दोघं तेवढंही बोलायचे नाहीत.

"आता आभार," ती कशीबशी म्हणाली, आणि हे काम कोणाचं होतं ते आठवून तिथंच अडली.

नरसिंगराव उठले. धोतराची धूळ झटकली. बॉनेटजवळ येऊन त्यांनी बाटली उचलली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली.

"हॅलो. हॅलो."

आवाज घोगरा होता, वर्षभर गंजलेला. त्यांनी घसा खाकरला.

"अध्यक्ष महोदया आन् जमलेल्या मंडळींनो, जय भीम. आभाराचं काम माझं न्हाई. ज्यांचं व्हतं त्या आज हजर न्हाईत. पण त्यांचं एक आभार बाकी राह्यलंय. ते मी त्यांच्या वतीनं मांडतो. प्रमोद म्हणला ते बराबर हाय. त्या दिशी जीप बंद पडली. ऊन व्हतं. मी लई घाबरलो. पाना बी धरता येईना. तव्हा तुमची माय म्हणली, 'आज काहून गप? सभा घ्या की.' म्या म्हणलं, आज कसली सभा? तर म्हणली, 'आज तर घ्याच.'"

प्रमोद वळला.

"चिंचंखाली पटकूर टाकून तिला बसवलं. बाजूच्या शेतात हळद शिजून राहिली व्हती, तिथल्या बायांनी चहा देला. म्या एकट्यानं समदी सभा घेतली. प्रास्ताविक मीच, सत्कार मीच, तुमच्या दोघांचं मनोगत बी मीच. प्रमोदचा आवाज काढला तर पदर तोंडाला लावून हसली. दवाखान्यात गेल्यापासून हसली नव्हती. मंग म्या म्हणलं, चला, आता आभार. तर म्हणली, 'आज दम लागून राहिला. आजचं आभार बाकी ठेवा. पुढच्या बारीला दोन्ही मिळून करीन.'"

बांधावरची बाई भारा खाली ठेवून खाली बसली.

"आभार झाल्याबिगर सभा संपत न्हाई. तव्हापासून ती सभा चालूच हाय, प्रमोद. अन् सभा चालू असताना अध्यक्षाला भंगारात कसं देऊ रे मी?"

हसावं की रडावं हे शीतलला कळेना, आणि दोन्ही एकदम होऊ लागलं.

"तर ते आभार आज करतो." नरसिंगरावांनी वसमतच्या दिशेला तोंड केलं, जिथं लिंबाखाली जीप उभी होती. "जीपबाई, तुमचे आभार. तुमी घरी बराबर पोचल्या असत्या तर घर माणसानं भरलेलं व्हतं. पाव्हणे, शेजारी, भेटायला येणारे. पुढचे चार दिवस तिच्या खाटेपाशी मला बसायला जागा भेटली न्हाई. तुमी चिंचंखाली थांबल्या म्हणून ती घटकाभर निस्ती माझ्यापाशी बसली. त्याच्यानंतर ती माझ्या एकट्याच्या वाट्याला पुन्यांदा आली न्हाई. लई उपकार झाले तुमचे. जय भीम."

प्रमोद मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. नरसिंगरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा, मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सभा चालू असताना मधीच कसं बोलावं?" नरसिंगराव म्हणाले. "आता बोलाव भंगारवाल्याला. न्यू दे तिला. तिची सभा संपली."

रस्त्यानं एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग साक्षीनं विचारलं, "बाबा, अन् आजच्या सभेचं आभार?"

नरसिंगरावांनी नव्या गाडीकडे पाहिलं. आरशाचा रुमाल नीट केला, बॉनेटवर थाप मारली.

"आजचं बाकी राहू द्या. पुढच्या बारीला दोन्ही मिळून करू."

"म्हंजे ही परत बंद पडावी म्हणता?" प्रमोदनं डोळे पुसत विचारलं.

"न पडून काय करती? चालवणारा तूच हैस ना?"

प्रमोद हसला. वर्षभरात बापाच्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हसला होता, आणि नरसिंगरावांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग ते शीतलकडे वळले. "प्रेमानंदला फोन लाव. म्हणावं, आमाला उशीर व्हईल, पण माईक बंद करू नको."

शीतल फोन लावत होती तेवढ्यात हिंगोलीच्या बाजूनं फुलसिंगची फटफटी आली. मागं डबा आणि रबरी नळी बांधलेली. त्यानं आरशाचा रुमाल पाहिला, सगळ्यांचे लाल झालेले डोळे पाहिले, आणि सवयीनं विचारलं, "काका, झाली का सभा?"

"न्हाई," नरसिंगराव म्हणाले. "चालू हाय."